३८६ ची गोष्ट (आणि आईच्या नेटबुकची)

"तुला कोणी सांगितलं होतं रे?"

रविवारी सकाळी साडेसात वाजता, हातात चहाचा कप घेऊन आईनं विचारलेल्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण खरंच कोणीही सांगितलं नव्हतं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

तर झालं असं. २००९ मध्ये पहिल्या नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून मी बाबांसाठी एक नेटबुक घेतलं. आठवतात का नेटबुकं? दहा इंची पडदा, बोटं जेमतेम मावतील असा कीबोर्ड, १.६ गिगाहर्ट्‌झचा अ‍ॅटम एन-२७० प्रोसेसर आणि एक जीबी मेमरी. तेव्हा फार चलती होती त्यांची. बाबा गेल्यावर ते आईकडे आलं. मी त्यावर डेबियन टाकून दिलं, हलकासा डेस्कटॉप, मराठी टंकलेखनाची सोय, बास. आई आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाची खजिनदार आहे. वर्गणी, हळदीकुंकू, वार्षिक सहल, वृद्धाश्रमाला दिलेली देणगी, असा सगळा हिशोब ती त्या नेटबुकवर ठेवते. सोळा वर्षांचं यंत्र, पण रोज तासभर चालतं आणि कधी कुरकुर केलेली नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी साताऱ्याला घरी गेलो होतो. सहज बघितलं तर नेटबुकवर डेबियन १२. आणि तेरावी आवृत्ती तर ९ ऑगस्टलाच आलेली! आमच्यासारख्यांना जुनी आवृत्ती दिसली की हाताला खाज सुटते. एका फाईलमध्ये 'बुकवर्म'च्या जागी 'ट्रिक्सी' लिहायचं, दोन-तीन आज्ञा द्यायच्या, हाय काय अन् नाय काय. (ही नावं 'टॉय स्टोरी'मधल्या खेळण्यांची. डेबियनचं नेतृत्व एके काळी ब्रूस पेरेन्स करत होते आणि ते पिक्सारमध्ये नोकरीला होते. तेव्हापासून ही प्रथा.)

एक जीबी मेमरीत अपग्रेड म्हणजे बैलगाडीतून घाट चढणं. दुपारी लावलेलं रात्री अकराला संपलं. आईनं मधून दोनदा विचारलं, "अजून चाललंय का रे त्याचं?" सगळं सुरळीत झालं. मग मला सुचली साफसफाई. नव्या आवृत्तीत जी पॅकेजं उरलेलीच नाहीत, ती काढून टाकायची एक आज्ञा असते. ती दिली. भलीमोठी यादी सरकत गेली. गृहकर्जाची कागदपत्रं आपण जशी वाचतो तशी मी ती वाचली, म्हणजे वाचली नाही. मध्येच एक इशारा आला : तुम्ही आत्ता चालू असलेला कर्नलच काढताय, यंत्र पुन्हा सुरू होणार नाही कदाचित, थांबू का? आपणहून निवडलेलं उत्तर 'हो' असं होतं. मी कष्ट घेऊन, टॅब दाबून, 'नाही' निवडलं. मला वाटलं, नवा कर्नल आलाच असेल की!

रविवारी सकाळी आईनं बटण दाबलं. काळा पडदा, आणि त्यावर नुसतं 'ग्रब>' आणि लुकलुकणारा कर्सर. सोमवारी संध्याकाळी मंडळाची वार्षिक सभा, हिशोब वाचून दाखवायचा होता.

आधी मी जे प्रत्येक इंजिनियर करतो तेच केलं. हार्डवेअरवर आळ घेतला. डिस्क गेली असणार, जुनी आहे. पण ग्रबला विचारलं तर डिस्क दिसत होती, तिचे भाग दिसत होते, आईच्या फायलीही दिसत होत्या. मग 'बूट' फोल्डर उघडून बघितलं. तिथे फक्त ग्रबचं स्वतःचं सामान होतं. कर्नलची फाईल नाही. जुनी नाही, नवी नाही, कुठलीच नाही. घरात भांडीकुंडी सगळी जागच्या जागी, फक्त कर्ता माणूसच गायब.

ठीक आहे, म्हटलं, डेबियन १३ ची पेनड्राइव्ह बनवू आणि कर्नल परत टाकू. बनवली, लावली, मेनू आला, एंटर मारलं. पडद्यावर एक ओळ उमटली. मराठीत सांगायचं तर : या कर्नलला ६४ बिटांचा प्रोसेसर लागतो, इथे मला ३२ बिटांचाच सापडला, तुमच्या प्रोसेसरला शोभेल असा कर्नल वापरा. मग ३२ बिटांची तेरावी आवृत्ती शोधायला गेलो. नाहीच. बनवलेलीच नाही. तेव्हा कुठे मी ती गोष्ट केली जी शनिवारी दुपारी करायला हवी होती. आवृत्तीसोबत येणारी सूचनापत्रिका वाचली. तिथे साध्या शब्दांत लिहिलं होतं की ३२ बिटी पीसीसाठी या आवृत्तीपासून अधिकृत कर्नल नाही, इन्स्टॉलर नाही, असं यंत्र असेल तर तेराव्या आवृत्तीवर जाऊ नका. म्हणजे चूक शंभर टक्के माझी. आईच्या नेटबुकला आला तो दुष्काळातला तेरावा महिना, आणि आणला मी.

पण त्या पत्रिकेतलं एक नाव माझ्या डोक्यात अडकून बसलं. 'आय-३८६'. लिनक्स ज्या यंत्रावर जन्मलं त्याचंच हे नाव. त्यालाच आता दार बंद? हे झालं कसं?

*

इंटेलनं ८०३८६ हा प्रोसेसर ऑक्टोबर १९८५ मध्ये आणला. २,७५,००० ट्रान्झिस्टर आणि, मुख्य म्हणजे, ३२ बिट. त्याआधीचा २८६ होता १६ बिटांचा. बिटांचा हा हिशोब सोपा आहे : ३२ अंकी पत्ता लिहिता आला की मेमरीतली सुमारे ४३० कोटी घरं मोजता येतात, म्हणजे ४ जीबी. १९८५ मध्ये ४ जीबी म्हणजे चंद्रावर प्लॉट घेण्यासारखं होतं. शिवाय ३८६ मध्ये मेमरीची पानं पाडून प्रत्येक प्रोग्रामला आपापली वेगळी खोली द्यायची सोय हार्डवेअरमध्येच होती. आतापर्यंत ज्या गोष्टी विद्यापीठांतल्या महागड्या यंत्रांवरच जमायच्या, त्या घरातल्या टेबलावर जमण्यासारख्या झाल्या.

असं एक टेबल होतं हेलसिंकीत. जानेवारी १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्यानं हप्त्यांवर एक ३८६ घेतला. ३३ मेगाहर्ट्‌झ, ४ एमबी मेमरी. त्यावर त्यानं शिकवण्यासाठी बनवलेली मिनिक्स ही प्रणाली घातली आणि विद्यापीठाच्या संगणकाशी मोडेमवरून बोलायला स्वतःचा एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. तो प्रोग्राम वाढत वाढत गेला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्यानं मिनिक्सवाल्यांच्या न्यूजग्रुपवर जाहीर केलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय. त्या प्रसिद्ध संदेशातला छंदाचा भाग सगळ्यांना माहीत असतो. मला त्याचा शेवट जास्त आवडतो. तो म्हणतो, हे ३८६ सोडून दुसरीकडे चालणार नाही, आणि एटी पद्धतीच्या हार्डडिस्कशिवाय दुसरं काही यात कधी चालेल असंही वाटत नाही, कारण माझ्याकडे तेवढंच आहे.

कारण माझ्याकडे तेवढंच आहे! हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या सुरुवातीच्या दिवसांतला एक किस्सा तर मला त्या रविवारी फार धीर देऊन गेला. लिनसला मोडेमवरून विद्यापीठाला फोन लावायचा होता. चुकून त्यानं नंबर फिरवायच्या आज्ञा मोडेमऐवजी हार्डडिस्कला पाठवल्या. डिस्कनं त्या इमानेइतबारे लिहून घेतल्या, आणि मिनिक्सचा विभाग खलास. आता मिनिक्स पुन्हा टाकायचं की आपलंच अर्धकच्चं लिनक्स वापरायचं? त्यानं दुसरा रस्ता धरला. म्हणजे हात दाखवून अवलक्षण करण्याची परंपरा थेट मूळपुरुषापासून आहे. (फरक इतकाच, की तो यंत्र त्याचं स्वतःचं होतं, आईचं नव्हतं.)

*

१९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केलं. त्यात पीसीसाठीच्या शाखेचं नाव पडलं 'आय-३८६'. मग यंत्रं बदलत गेली. ४८६ आधीच आला होता, १९९३ मध्येच पेन्टियम आला, १९९५ मध्ये पेन्टियम प्रो. नाव मात्र तेच राहिलं. पुण्यातला 'नवा पूल' शंभरीला आला तरी नवाच, तसं.

पण नावाखालची जमीन सरकत होती. २००५ च्या डेबियन ३.१ पासून खराखुरा ३८६ चालेनासा झाला, किमान ४८६ हवा. २०१७ च्या डेबियन ९ पासून किमान ६८६, म्हणजे पेन्टियम प्रोच्या घराण्यातला. पाटी 'आय-३८६', आणि आत ३८६ ला प्रवेश नाही!

खुद्द कर्नलमधून ३८६ गेला तो डिसेंबर २०१२ मध्ये. ते बदल फेब्रुवारी २०१३ च्या लिनक्स ३.८ मध्ये बाहेर आले. बदल पाठवले होते इंगो मोल्नार यांनी. कारण अगदी व्यावहारिक होतं. ४८६ पासून प्रोसेसरमध्ये काही सूचना आल्या, ज्यामुळे मेमरीतली किंमत तपासणं आणि बदलणं एका दमात, मध्ये कोणी न घुसता करता येतं. एकापेक्षा जास्त प्रोसेसर असलेल्या यंत्रात हे म्हणजे जीव की प्राण. ३८६ मध्ये ती सूचनाच नाही. त्यामुळे असा कुठलाही कोड बदलताना दर वेळी एका म्हाताऱ्यासाठी वेगळी वाट काढत बसावं लागायचं. मोल्नार यांनी त्याच संदेशात लिहिलं की याची किंमत म्हणजे १९९१ चा तुमचा जुना ३३ मेगाहर्ट्‌झचा ३८६ आता नवा कर्नल चालवू शकणार नाही. टोरवाल्ड्‌स यांचंच ते यंत्र. त्यांनी आपण भावनाप्रधान नसल्याचं सांगून बदल घेऊन टाकले. इंटेलनं ३८६ चं उत्पादन तोवर, म्हणजे २००७ मध्येच, थांबवलं होतं.

इथवर कोणाचं फार काही बिघडलं नाही. २०१३ मध्ये ३८६ वर काम करणारी आई कोणाची असेल असं मला वाटत नाही.

*

गुंता झाला तो पुढच्या टप्प्यात. ४ जीबीचा चंद्रावरचा प्लॉट एव्हाना पुरेनासा झाला होता. एप्रिल २००३ मध्ये एएमडीनं ऑप्टेरॉन आणला. जुना ३२ बिटी कोड जसाच्या तसा चालवणारा आणि वर ६४ बिट देणारा. त्याच वर्षी घरगुती अ‍ॅथलॉन ६४ आला. पुढच्या वर्षी इंटेलनंही हीच वाट धरली. म्हणून तर आजही डेबियनमध्ये ६४ बिटी पीसीच्या शाखेचं नाव 'एएमडी-६४' आहे, प्रोसेसर इंटेलचा असला तरी.

आता तुम्ही म्हणाल, २००३ मध्ये ६४ बिट आलं, तर २००९ चं नेटबुक ३२ बिटी कसं? कारण तंत्रज्ञान एका सरळ रेषेत जुनं होत नाही. २००६ च्या सुरुवातीला आलेला इंटेलचा कोअर ड्युओ ३२ बिटी होता, त्याच वर्षीच्या जुलैतला कोअर २ ड्युओ ६४ बिटी. आणि २००८ मध्ये स्वस्त, कमी वीज खाणारं काहीतरी हवं म्हणून अ‍ॅटम एन-२७० निघाला तो पुन्हा ३२ बिटी. एक जीबी मेमरीच्या यंत्राला ६४ बिट कशाला, असा सरळ हिशोब. त्या दिवशी तो बरोबरच होता. पण त्यामुळे जी यंत्रं सगळ्यात स्वस्त, तीच सगळ्यात आधी म्हातारी ठरली. आणि स्वस्त यंत्रं कोणाच्या घरात जातात? विद्यार्थ्यांच्या, शाळांच्या, आणि पहिल्या बोनसमधून बाबांसाठी काहीतरी घेणाऱ्या पोरांच्या.

२०१७ पासून एकेक दार बंद होऊ लागलं. त्या वर्षी आर्च लिनक्सनं ३२ बिट सोडलं. (त्यातल्या काही जणांनी स्वतंत्रपणे ते चालू ठेवलं.) त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून उबुंटूनं डेस्कटॉपची ३२ बिटी प्रत काढणं थांबवलं. २०१९ च्या फेडोरा ३१ मध्ये ३२ बिटी कर्नल गेला. आणि त्याच वर्षी जूनमध्ये उबुंटूनं जाहीर केलं की ३२ बिटी पॅकेजंही पुढच्या आवृत्तीपासून बंद. त्यावर मात्र गदारोळ उठला! पण कोणाचा? जुन्या यंत्रवाल्यांचा नव्हे. स्टीमवरचे जुने गेम आणि वाइनमधून चालणारे विंडोजचे जुने प्रोग्राम ६४ बिटी यंत्रांवर चालवणाऱ्यांचा. आठवड्याभरात उबुंटूनं माघार घेतली आणि निवडक ३२ बिटी पॅकेजं चालू ठेवली.

हे वाचताना माझी ट्यूब पेटली. आपण 'जुन्याशी सुसंगत' म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळी वचनं असतात. एक जुन्या प्रोग्रामला दिलेलं, दुसरं जुन्या यंत्राला दिलेलं. पहिलं वचन मागणारे लोक पुष्कळ आहेत, त्यांच्यामागे मोठा धंदा आहे, म्हणून ते पाळलं जातं. डेबियन १३ मध्येही 'आय-३८६' शाखा आहेच, हजारो पॅकेजांसकट. पण ती आता ६४ बिटी यंत्रावर जुने प्रोग्राम चालवण्यापुरती. नुसता कर्नल नाही. यंत्राला दिलेलं वचन तेवढं संपलं.

*

का संपलं? इथे मला रागावायचं होतं, खरं सांगतो. सकाळपासून आईची बोलणी खात होतो, कोणावर तरी काढायला हवं होतं. पण जसजसं वाचत गेलो तसतसा राग निवला.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाऊन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जगजाहीर झाले. पुढचं काम आधीच अंदाजानं उरकून ठेवण्याच्या प्रोसेसरच्या सवयीतून गुपितं फुटत होती. मेल्टडाऊनवरचा उतारा ६४ बिटी कर्नलला त्याच महिन्यात, लिनक्स ४.१५ मध्ये मिळाला. ३२ बिटी कर्नलला तो मिळाला ऑक्टोबरमधल्या ४.१९ मध्ये. जवळपास नऊ महिने उशिरा, आणि तोही योर्ग रोडेल यांनी ते काम अंगावर घेतलं म्हणून. दुष्टपणा कोणाचाच नव्हता. बाकीचे सगळे ६४ बिटी यंत्रांसमोर बसलेले होते, इतकंच. (गंमत म्हणजे आईच्या अ‍ॅटमला मेल्टडाऊनची बाधाच नव्हती. तो बिचारा सांगितलेलं काम सांगितलेल्या क्रमानं करतो, अंदाज बांधायच्या फंदात पडत नाही.)

डिसेंबर २०२३ मध्ये डेबियनच्या आवृत्त्या काढणाऱ्या चमूनं कळवलं की कर्नल, इन्स्टॉलर आणि डिस्क-प्रती बनवणारे चमू ३२ बिटी पीसीसाठी काम करणं लवकरच थांबवणार आहेत. म्हणजे माझ्या शनिवारच्या पराक्रमाआधी जवळपास दोन वर्षं. पालथ्या घड्यावर पाणी!

आणि आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघा. मोटोरोला ६८००० या घराण्यातले प्रोसेसर, जुन्या अमिगा आणि अटारी संगणकांतले, ऐंशीच्या दशकातले. डेबियननं ती शाखा २००७ च्या चौथ्या आवृत्तीपासून अधिकृत यादीतून काढली. पण ती मेली नाही. मूठभर हौशी मंडळींनी ती अनधिकृत शाखा म्हणून हातात घेतली, पॅकेजं बांधत राहिले, मोडलेलं दुरुस्त करत राहिले. २०२५ मध्येही ती जिवंत होती. जगात अमिगा जास्त उरले असतील की ३२ बिटी पीसी? पैज लावायची गरज नाही. तरी अमिगाला कर्नल आहे आणि आईच्या नेटबुकला नाही.

म्हणजे यंत्र किती जुनं आहे यावर हे ठरत नाही. किती उरली आहेत यावरही नाही. ठरतं ते एवढ्यावरच, की नवा बदल आल्यावर तो आपल्या यंत्रावर लावून बघणारा आणि 'चाललं' किंवा 'मोडलं' असं कळवणारा एक तरी माणूस उरलाय का. लिनसनं १९९१ मध्येच सांगून ठेवलं होतं ना, कारण माझ्याकडे तेवढंच आहे. ज्याच्याकडे जे आहे त्याची तो काळजी घेतो. सॉफ्टवेअरची सुसंगती हा यंत्राचा गुण नसून कोणीतरी रोज भरलेलं पाणी आहे.

आणि इथे मला जरा ओशाळल्यासारखं झालं. कारण असं यंत्र माझ्याकडे होतं की! रोज वापरातलं, चालू स्थितीतलं, ३२ बिटी. २०२५ च्या उन्हाळ्याआधी तेरावी आवृत्ती पक्की होत असताना मी एकदाही त्यावर काही लावून बघितलं नाही. पंधरा वर्षं मी डेबियन वापरतोय, त्याच्या जिवावर नोकऱ्या केल्या, आणि चाचणीचा एक अहवालसुद्धा पाठवलेला नाही. डेबियनची जागतिक परिषद २०२३ मध्ये पहिल्यांदा भारतात झाली, कोचीला. मी त्या आठवड्यात गोकर्णला होतो. डेबियन टाकताना एक प्रश्न येतो : तुम्ही काय वापरता याची निनावी नोंद पाठवू का? आपणहून निवडलेलं उत्तर 'नाही' असतं. मी ते तसंच ठेवलं होतं. जी सूचना मोडायची ती कष्टानं मोडली, जिथे एक बटण दाबायचं होतं तिथे आळस केला. जनगणनेला दार उघडायचं नाही आणि मग म्हणायचं, आमची दखल कोणी घेत नाही!

*

असो. दुरुस्तीचं सांगतो, कारण कोणीतरी याच खड्ड्यात पडलेला असू शकतो.

ऑफिसच्या लॅपटॉपवर डेबियन १२ ची ३२ बिटी प्रत उतरवून घेतली, पेनड्राइव्हवर टाकली. तिच्या मेनूत बचावाचा पर्याय असतो. तो निवडून आईच्या डिस्कवरच्या प्रणालीत शिरलो. पॅकेजांच्या यादीत बाराव्या आवृत्तीची ओळ परत लिहिली, राउटरची वायर नेटबुकला जोडली, आणि जुन्या आवृत्तीचा ३२ बिटी कर्नल पुन्हा बसवला. ग्रबचा मेनू आपोआप भरला. दुपारी दीडच्या सुमाराला पडद्यावर बाबांनी लावलेलं कास पठाराचं चित्र दिसलं. खाली तेराव्या आवृत्तीचं घर, वर बाराव्याचा कर्ता. कामचलाऊ जोड, पण चालली. पुढच्या शनिवारी परत जाऊन ती मोडली आणि रीतसर डेबियन १२ नव्यानं टाकलं. त्या वेळी तो नोंदीचा प्रश्न आला. या वेळी 'हो' दाबलं. निवडणूक उरकल्यावर मत देऊन आलो म्हणा ना.

बाराव्या आवृत्तीची मुदतही अमर्याद नाही. आणि त्यापुढे आणखी एक भिंत आहे. जुन्या ३२ बिटी पद्धतीत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात, आणि १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, तो आकडा भरतो. त्यानंतर घड्याळ थेट डिसेंबर १९०१ मध्ये उडी मारतं. डेबियन १३ मध्ये उरलेल्या ३२ बिटी शाखांचं हे घड्याळ ६४ बिटी करून घेतलं, 'आय-३८६' चं तेवढं मुद्दाम तसंच ठेवलं. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल : जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून. प्रोग्रामला दिलेलं वचन यंत्राच्या मुळावर आलं.

माझ्याकडे २०११ चा एक लॅपटॉप पडून आहे, ६४ बिटी. त्यावर चौदाव्या आवृत्तीची कच्ची प्रत टाकली आहे. दर शनिवारी अपडेट करायचं आणि काही मोडलं तर कळवायचं, असं ठरवलंय. आतापर्यंत दोन शनिवार चुकले. पण एक अहवाल गेला.

राहिला मंडळाचा हिशोब. रविवारी दुपारी नेटबुक सुरू झाल्यावर मी विजयी मुद्रेनं आईला हाक मारली. "बघ, एकही आकडा गेला नाही!"

आईनं कपाटातून एक लाल पुठ्ठ्याची वही काढून माझ्यासमोर ठेवली. वर्षभराचा प्रत्येक व्यवहार, तारीखवार, निळ्या शाईत.

"अगं, मग सकाळपासून बोलली का नाहीस?"

"तू शिकत होतास ना काहीतरी," आई म्हणाली. "आणि हे बघ, आता जाईपर्यंत त्याला हात लावू नकोस."